धोंड कोण लोटील?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र आहे. लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या. माहेर निपाणीकडचं, हिंदू. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गेल्या श्रावणात दुचाकीच्या अपघातात त्यांचे पती गेले. घरात सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. दोन एकर भात, थोडा ऊस. ताई लिहितात: "चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, तो प्रभूजवळ आहे, मग रडायचं कशाला, रडलात तर बाहेरच्यांसमोर साक्ष बिघडते. यंदा ईस्टरच्या पहाटे सगळे गात होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी बाहेरून आलेली, म्हणून माझा विश्वास कच्चा आहे का? रात्री वाटतं, हे पुनरुत्थान वगैरे खरं तरी आहे का? मुलगा विचारतो, येशू तिसऱ्या दिवशी उठला, मग बाबा का नाही? तो रात्री झोपतच नाही. यांची घोंगडी खुंटीवर आहे. सासूबाई म्हणतात, कुणाला तरी देऊन टाक. माझी आई म्हणते, वर्षश्राद्ध कर, तुझ्या मनाला शांती मिळेल. मी कुणाचं ऐकू?"

ताई, सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सुरुवात त्या ईस्टरच्या पहाटेपासून करते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त लाज त्या पहाटेची वाटते आहे, आणि ती लाज तुमच्यावर उगाच लादली गेली आहे.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातली पहिली ईस्टरची पहाट आठवून बघा. तीन बायका निघाल्या आहेत. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. शब्बाथ संपल्यावर त्यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली आहेत. आपल्या माणसाच्या देहाला नीट लावायची राहिली होती ना, घाईघाईत पुरावं लागलं होतं. त्या काही गात चाललेल्या नाहीत. वाटेत एकमेकींना विचारतात ते एवढंच: आपल्यासाठी कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटील? उत्तर कुणाकडेच नाही. तरी पाय थांबत नाहीत. पुढे धोंड बाजूला सरलेली दिसते, तो उठला आहे असं त्या ऐकतात, आणि मग काय करतात? थरथरत पळत सुटतात. भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. मार्क त्या पहाटेची गोष्ट तिथेच आणून सोडतो.

म्हणजे पुनरुत्थानाची बातमी ज्यांनी सगळ्यांत आधी ऐकली, त्यांच्याही तोंडातून शब्द फुटला नव्हता. तुम्ही त्या पहाटे गप्प उभ्या होतात तेव्हा विश्वासाच्या बाहेर उभ्या नव्हतात, त्या तिघींच्या शेजारी होतात. मला तर वाटतं, गाणाऱ्या आमच्यापेक्षा तुम्ही त्या कबरेच्या जास्त जवळ होतात.

आता 'साक्ष बिघडते', म्हणजे आपला विश्वास लोकांना पोकळ वाटतो, याविषयी. हे वाक्य मीही ऐकलं आहे. माझे वडील गेले तेव्हा मी १९ वर्षांची होते. सांत्वनाच्या प्रार्थनेला आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझा हात दाबून तेच सांगितलं. मी डोळे पुसले, आणि पुढे कित्येक महिने कुणासमोर रडले नाही. त्याचा फायदा कुणालाच झाला नाही, ताई. आईला वाटलं मला काही वाटत नाही, मला वाटलं माझ्यात काहीतरी खोट आहे. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही कुणीतरी तसंच गप्प केलं असणार.

पण हे शास्त्रात कुठून आलं? योहानाच्या शुभवर्तमानात लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले आहेत. थोड्याच वेळात आपण त्याला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत हे येशूला ठाऊक आहे. लाजराची बहीण मार्था हिला तो म्हणालाही आहे, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." आणि त्यानंतर दुसऱ्या बहिणीला, मरीयेला, आणि तिच्याबरोबरच्या माणसांना रडताना पाहून तो स्वतः रडतो. "येशू रडला", एवढंच लहानसं वचन आहे ते. पुढे काय होणार हे माहीत असलेला माणूससुद्धा रडला, तर ज्यांना काहीच दिसत नाही त्यांनी कोरडं राहावं ही अपेक्षा कुठली? थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका. लोक या वाक्याचं शेपूट तेवढं धरतात आणि 'दुःख करू नका' म्हणतात. दुःख पौलाने गृहीतच धरलेलं आहे. आशा असलेल्या माणसाचं दुःखही दुःखच असतं, डोळ्यांतून येतं, छातीत दुखतं.

पुढच्या वेळी कुणी साक्षीचं बोललं तर वाद घालू नका. "येशूपण रडला होता, काकी," एवढं म्हणा आणि रडा.

तुम्ही लिहिता, 'मी बाहेरून आलेली'. ताई, मराठी मंडळीत उभं राहून हे म्हणायचं म्हणजे मोठी गंमतच आहे, कारण ज्यांची भजनं आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो ते नारायण वामन टिळक बाहेरूनच आले होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, मग संसार पुन्हा एकत्र आला, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य अर्धं राहिलं होतं. ते पुरं केलं कुणी? लक्ष्मीबाईंनी. शाळेत फारसं न गेलेल्या, विधवा झालेल्या, 'बाहेरून आलेल्या' बाईने. विश्वास घरात किती पिढ्या आहे यावरून त्याचा कस लागत नाही. आणि मला असंही दिसतं की माहेरून तुम्ही जे आणलं आहे, त्यातलंच काहीतरी तुम्हाला आत्ता टोचतं आहे. त्यावर जरा थांबू या.

तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात की तुम्हाला त्यांचा आत्मा आठवत नाही, त्यांचे हात आठवतात, चिखलाने भेगाळलेले, आणि याची तुम्हाला शरम वाटते. देह म्हणजे जुनं वस्त्र, ते टाकून आत्मा पुढे जातो, असं आपल्याकडे कीर्तनात, पारायणात लहानपणापासून कानावर पडतं. त्यात लाखो माणसांना धीर मिळालेला आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण ख्रिस्ती विश्वास इथे वेगळं बोलतो, आणि नेमकं तेच तुमच्या दुःखाला लागू पडतं. दर रविवारी मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना आपण 'शरीराचं पुनरुत्थान' म्हणतो. नुसत्या आत्म्याचं नाही. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला ते दाखवले गेले. तळ्याकाठी कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजून त्याने शिष्यांना न्याहारीला बोलावलं. बागेत मग्दालीया मरीया त्याला माळी समजून बोलली आणि त्याने तिचं नाव घेतलं तेव्हा तिने त्याला ओळखलं. आवाजावरून, ताई. आपल्या माणसाचा नाव घेण्याचा एक सूर असतो ना, त्यावरून.

म्हणून भेगाळलेल्या हातांची ओढ ही कमी प्रतीची ओढ नाही. देवाने ते हात घडवले आणि ते त्याला टाकाऊ वाटत नाहीत, असं ही शिकवण सांगते. मला या शिकवणीत सगळ्यात जास्त आधार याच जागी मिळतो.

रात्रीच्या शंकेबद्दल मी तुम्हाला खात्रीचा कागद देऊ शकत नाही. एवढं सांगते: करिंथच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिलं ते साधारण इसवी सन ५५ च्या सुमाराला, म्हणजे वधस्तंभानंतर २०-२५ वर्षांत. त्यात तो केफाचं, म्हणजे पेत्राचं, नाव घेतो, याकोबाचं घेतो, पाचशेहून अधिक बंधूंना उठलेला येशू एकाच वेळी दिसला असं सांगतो आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असंही लिहितो. जाऊन विचारा, असाच त्याचा सूर आहे. मी यावर विश्वास ठेवते. पण रात्री दोन वाजता एकटं असताना तारखा आणि साक्षीदार फारसे उपयोगी पडत नाहीत हे मला माहीत आहे. तेव्हा थोमाकडे बघा. बाकीचे दहा सांगत होते, तरी त्याचा विश्वास बसला नाही. आठ दिवस. त्या आठ दिवसांत त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही, तो त्यांच्यातच जेवला-झोपला, आणि येशू आला तेव्हा तो तिथे होता. शंका असताना मंडळीत बसायला हरकत नाही. गाता येत नसेल तर शेजारची गाते ते ऐका. तुमच्या वाटचं सध्या तिला गाऊ द्या.

आता मुलाचं बघू, कारण ते तातडीचं आहे.

तुमच्याकडे सगळे म्हणत असणार, 'बाबा प्रभूमध्ये झोपी गेले'. शास्त्रातलाच शब्द आहे, सुंदर आहे, मोठ्यांना त्याचा अर्थ कळतो. नऊ वर्षांच्या मुलाला कळतं ते असं की बाबा झोपले आणि उठलेच नाहीत. मग तो झोपेल कसा? माझा अंदाज आहे की त्याची झोप इथे अडली आहे. त्याला साध्या शब्दांत सांगा: बाबा मेले. अपघातात त्यांच्या डोक्याला फार लागलं, शरीर चालायचं थांबलं. झोप वेगळी आणि मरण वेगळं. तू झोपलास की सकाळी उठतोस, मी उठवते. हे एकदा सांगून भागणार नाही, दहादा सांगावं लागेल. आणि काही दिवस त्याच्याजवळ झोपा.

'बाबा का नाही उठले' याला उत्तर आहे, आणि ते तुमच्याच शेतात आहे. पौल येशूला 'प्रथमफळ' म्हणतो. दसऱ्याच्या आगेमागे भाताला पहिल्या लोंब्या पिवळ्या होतात. सगळं शेत अजून हिरवंच असतं. तरी त्या लोंब्या दिसल्या की तुमच्या सासूबाई काय म्हणतात? 'आलं पीक'. बाकीचं पिकायचंच असतं, पण आता ते येणार हे कळलेलं असतं. त्याला सांगा, येशू ही पहिली लोंबी. बाबा अजून शेतात आहेत, देवाच्या शेतात. कधी, ते देवाला माहीत. आईला माहीत नाही. 'आईला माहीत नाही' हे म्हणायला अजिबात घाबरू नका, मुलं त्या वाक्यावर विश्वास ठेवतात. शाळेतल्या बाईंच्याही कानावर घाला. आणि आणखी महिनाभरात झोप सुधारली नाही, तो खाईना, बोलेना झाला, तर डॉक्टरांकडे न्या. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, तो तुमच्यासाठीही लक्षात ठेवा. आपणही त्यांच्यामागे जावं असा विचार एकदा जरी आला असेल, तर आजच फोन करा. प्रार्थना सोडून डॉक्टरकडे जायचं असं काही नसतं, प्रार्थना करत जा.

घोंगडीबद्दल सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांचा तो मुलगा होता. खुंटीकडे बघवत नसेल त्यांना. योहान सांगतो की कबरेत तागाची वस्त्रं पडली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा, एका जागी गुंडाळून ठेवलेला होता. मला ही ओळ फार आवडते. उठणाऱ्याने कपडे भिरकावले नाहीत, नीट ठेवले. तुम्हीही त्यांचे कपडे नीट, सावकाश आवरा. शर्ट-पँट कुणाला द्यावंसं वाटेल तेव्हा द्या. घोंगडी मात्र ठेवा, सासूबाईंना नजरेआड हवी असेल तर तुमच्या खोलीतल्या खुंटीवर लावा. वर्षाच्या आत घर रिकामं केलंच पाहिजे असा नियम माझ्या माहितीत तरी कुठल्या धर्मात नाही.

आणि आई. श्राद्धाचं म्हणते तेव्हा ती तुमचा विश्वास मोडायला निघालेली नाही. जावयाचं काहीतरी करावं असं तिला वाटतं, आणि 'करणं' तिला याच रूपात माहीत आहे. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. मन मानत नसताना आईसाठी विधी करायचा, ही एक. पण ज्याचा अर्थ तुम्ही मानत नाही तो विधी करून शांती येईल असं मला वाटत नाही, शिवाय सासरी नवा ताण. दुसरी, 'आम्ही ख्रिस्ती, आमच्यात नसतं' म्हणून तिचं तोंड बंद करायचं. हे बरोबर असूनही क्रूर होईल. तिसरी मला बरी वाटते. श्रावणात तारखेला घरी स्मरणाची प्रार्थना ठेवा. पाळकांना आधी भेटून सांगा की माझी आई येणार आहे, तिला समजेल असं बोला. आईला आठ दिवस आधीच बोलवा, स्वयंपाक तिच्या हातात द्या. त्यांना आवडणारं जे असेल ते करा आणि गावाला जेवू घाला. उपकारस्तुती, एक वचन, त्यांच्या दोन आठवणी, मग पंगत. आईला तिच्या घरी, तिच्या पद्धतीने काही करायचं असेल तर करू द्या, तिथे आडवं येऊ नका. हे वाचणारे कुणी कॅथलिक असतील तर त्यांना मृताच्या नावाने मिस्सा सांगता येतो, २ नोव्हेंबरला कबरीवर फुलं-मेणबत्त्या नेता येतात. तुमच्या मेथडिस्ट रिवाजात मृतासाठी प्रार्थना सहसा नसते, पण मृताबद्दल देवाचे आभार मानायला कुणाची मनाई नाही.

आता दुसरी धोंड. पत्राच्या शेवटी तुम्ही घाईत लिहिलं आहे की उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे आणि नाडकचेरीतले, म्हणजे तिथल्या महसूल कचेरीतले, कागद कन्नडमध्ये असल्यामुळे तुम्ही जायचं टाळता. टाळू नका, आणि एकट्या जाऊ नका. वारसा नोंद करून घ्यायची आहे, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतील. मंडळीत कन्नड वाचता येणारी एखादी शिक्षिका, एखादा तरुण नक्की असेल. त्याला म्हणा, मंगळवारी माझ्याबरोबर चल. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणून गेलेले सगळे लोक आठवा. त्यांना आता सांगा. पुनरुत्थानाच्याच दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूचे दोन शिष्य तोंड पाडून चालले होते, साधारण ११ किलोमीटर, बेळगावातून चालत देसूरच्या आसपास पोचावं एवढं. येशू त्यांच्याबरोबर चालत राहिला, त्यांना बोलू दिलं, आणि त्यांनी त्याला ओळखलं ते घरी, भाकर मोडताना. मंगळवारी नाडकचेरीच्या बाकावर तुमच्या शेजारी जो बसेल, तोही अशीच सोबत करायला आलेला असेल. त्याच्याशी यांच्याविषयी बोला.

तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगायचं आहे. हे पत्र छापून येईल तेव्हा रोहिणी नक्षत्र तोंडावर असेल. तुमच्या भागात धूळवाफ पेरणी होते. पावसाचा थेंब नाही, माती भट्टीसारखी, पायाखाली धुरळा उडतो, आणि त्यात घरातलं चांगलं बियाणं टाकायचं. पौलाने पुनरुत्थानाबद्दल लिहिताना हेच उदाहरण घेतलं आहे: पेरता तो नुसता दाणा असतो, उगवतं ते वेगळंच रूप असतं, आणि तो मेल्याशिवाय जिवंत होत नाही. पेरणाऱ्याला त्या दिवशी काही आनंद वगैरे होत नसतो. पाठ मोडून येते, पावसाची चिंता असते, कधी पाऊस दगा देतो आणि दुबार पेरावं लागतं. तरी मूठ उघडतो. आशा या शब्दाचा मला कळलेला अर्थ हा आहे. तुम्हाला आशा 'वाटत' नाही म्हणून तुम्ही घाबरला आहात. वाटण्याचं राहू द्या सध्या. तुम्ही मुलाला जेवू घालता, सासूबाईंची औषधं आणता, मला चार पानांचं पत्र लिहिता.

यंदाची पेरणी कुणाला बटईने देऊन टाकावी असं तुमच्या मनात आहे. ऊस द्या हवं तर. पण भाताचा एक तुकडा, अगदी पाच गुंठे, तुम्ही आणि मुलगा मिळून पेरा. वडील कसं टाकायचे ते त्याने पाहिलेलं आहे, त्याला विचारा, तो दाखवेल. मग कणकुंबीकडून पाऊस सरकत आला की घोंगडी खुंटीवरून काढा, त्याच्या डोक्यावर घाला. लांब होईल, पायात येईल, दुमडून द्या, आणि त्याला बांधावर घेऊन जा, उगवलं का बघायला.